भारी धानाचं पाणी

संध्याकाळी व्हरांड्यातला दिवा लावला आणि बघता बघता त्याच्याभोवती हिरव्या तुडतुड्यांची झुंबड उडाली, की मला कॅलेंडर बघायची गरज राहत नाही. भारी धान निसवला, लोंब्या बाहेर पडल्या. आमगावात आम्ही राहतो ते घर आता वस्तीच्या आत आलंय, शेतं मागं सरकलीत, तरी तुडतुडे बरोबर येतात. वरणात पडतात, चहात पडतात, मी तपासत असलेल्या पेपरांवर मरून पडतात. नवरा दरवर्षी म्हणतो, "दिवा बंद कर नं." मी हो म्हणते आणि थोडा वेळ तशीच बसून राहते. मला त्या किड्यांचा काही पुळका नाही. पण त्यांच्या अंगाला दुधाळ लोंब्यांचा वास येतो असं मला उगाच वाटतं, आणि त्या वासाबरोबर माहेरचा तलाव येतो, तलावाची पाळ येते, पाळीवर पाठमोरे उभे असलेले बाबा येतात. ते वळून बघत नाहीत. इतक्या वर्षांत एकदाही वळले नाहीत.

आमच्या भागात धान दोन तऱ्हेचा. हलका धान दसऱ्याच्या आगेमागे पिकतो, भारी धानाला दिवाळी उलटावी लागते. हलक्याचं पावसावर भागतं. भारी धान मात्र पाऊस परतून गेल्यावरही बांध्यांमधून, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यांमधून, उभा असतो, आणि त्याला अगदी शेवटी, दाण्यात दूध भरताना, एक पाणी लागतं. ते मिळालं तर दाणा भरतो. नाही मिळालं तरी लोंबी येते, पण ती पोकळ. दुरून दोन्ही बांध्या सारख्याच दिसतात, हातात धरल्याशिवाय काही कळत नाही. मी हे धानाविषयीच लिहितेय, पण लिहिताना मला आमच्या टिनाच्या चर्चमध्ये चटईवर शेजारी शेजारी बसलेली माणसं दिसतात, त्याला इलाज नाही.

गोरेगावहून आत जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. गावाच्या डोक्याशी मालगुजारांच्या काळातला तलाव आहे. या दिवसांत त्यात शिंगाड्यांचे वेल पसरलेले असतात, सकाळी पाण्यावर धुकं असतं, आणि कधी कधी काठाशी सारसांची जोडी उतरते. ती जोडी बघायला हल्ली गोंदियाहून गाड्या येतात. एक मेला तर दुसरा अन्न सोडतो, असं बाबा गेल्यावर कुणीतरी आईला सांगितलं होतं. आई म्हणाली, "मी तं खाते बापा." आणि खरंच जेवायला बसली.

तलावाच्या पाळीत एक तुडूम आहे. तुडूम म्हणजे पाणी सोडायचं दार, लोखंडी चाक फिरवलं की उघडतं. तुडूम कधी उघडायचं, पाणी कुणाच्या बांधीत आधी आणि कुणाच्या नंतर न्यायचं, हे काम गावानं बाबांकडं दिलं होतं. बाबांचा एकच कायदा होता. "पाणी उभ्या धानाचं," ते म्हणायचे. ज्याचा धान अजून उभा आहे त्याचा पाण्यावर हक्क. तो माणूस कसा आहे, आपलं त्याच्याशी पटतं की नाही, हे पाण्यानं विचारायचं नाही.

पटत नव्हतं ते एकाच माणसाशी. सख्ख्या थोरल्या भावाशी, आमच्या मोठेबाबांशी. भांडण देवाचं होतं. बाबा दोन उन्हाळे गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये हमालीला गेले, तिथल्या एका सोबत्याबरोबर प्रार्थनेला जाऊ लागले आणि परत आले ते येशूचं नाव घेऊनच. मोठेबाबांनी अंगणाच्या मधोमध तट्ट्यांचा कूड उभा केला. तो बांधता बांधता त्यांनी विचारलेलं मला आठवतं, "काऊन रे, आपले देव तुले उपाशी मारून राहिले होते का?"

"नाई भाऊ," बाबा म्हणाले. "पण यानं बोलावलं. मी गेलो."

"कोणी बोलावलं तं जा लागते का?"

"तेच तं समजून नाई राहिलं."

असे होते बाबा. धर्म बदललेल्या माणसाकडून लोकांना ठाम उत्तराची अपेक्षा असते, आणि हे कुडाची दुसरी बाजू भावासाठी धरून उभे. मला पुढं पुष्कळ प्रवचनं ऐकायला मिळाली, माणसाची इच्छा मोकळी असते की बांधलेली यावर मोठमोठे लोक तासभर बोलताना ऐकले. पण प्रश्न मोठेबाबांनी विचारला त्याच्या पुढं कुणी गेलं नाही, आणि उत्तरही बाबांच्या पुढं गेलं नाही.

आमच्या मंडळीचे पास्टरजी तेव्हा गोंदियाहून मोटरसायकलवर यायचे. हिंदी-मराठीची खिचडी बोलायचे. माणूस प्रेमळ, शिकवण कडक. देवानं जग घडवायच्या आधीच आपली माणसं निवडून ठेवली आहेत, माणूस देवाला निवडत नसतो, देव माणसाला निवडतो, असं ते सांगायचे. बाबांना ही शिकवण फार आवडायची. आयुष्यात त्यांना कुणी कशासाठी निवडलं नव्हतं, एक तुडूम सोडलं तर. चटईवर मांडी घालून ते ऐकायचे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर लाजऱ्या नवरदेवाचं हसू असायचं. आईला मात्र ती शिकवण पचत नसे. ती घरी येऊन म्हणायची, "आणि बाकीच्याईले कायले बनवलं मग?"

आमच्या मंडळीत बाप्तिस्मा पाण्यात पूर्ण बुडवून देतात. डोक्यावर शिंपडलेलं चालत नाही. बाबांचा आणि आईचा बाप्तिस्मा दिवाळीनंतरच्या इतवारी आमच्याच तलावात ठरला होता. पास्टरजी म्हणाले होते, नदीवर नेतो, तिथं कुणी बघणार नाही. बाबा म्हणाले, "चोरून कायले? ज्या गावात जन्मलो त्या गावाले दिसू द्या." दोघांसाठी पांढरे कपडे शिवून आले. मी तेव्हा कॉलेजात होते, दिवाळीच्या सुटीला घरी आले होते. आईनं ती पांढरी साडी मला अंगाला लावून दाखवली आणि लगेच घडी करून ठेवली, जणू नवी नवरी आपली वस्तू जावेला दाखवते.

त्या वर्षी परतीचा पाऊस आलाच नाही. दसऱ्याच्या आधीच आभाळ कोरडं पडलं. तलावाच्या काठची माती भेगाळली, शिंगाड्यांचे वेल चिखलावर आडवे झाले. आमचा धान हलका होता, तो कापून झाला होता. बहुतेकांचं भागलं होतं. तहानलेला होता तो फक्त पाटाच्या पार टोकाचा भारी धान, आणि त्या टोकाच्या बांध्या मोठेबाबांच्या. तलावात पाणी उरलं होतं ते एका कामापुरतं. एकतर माणूस छातीएवढ्या पाण्यात उभा राहून बुडू शकेल, नाहीतर टोकाच्या बांध्या एकदा भिजतील.

मोठेबाबा पाणी मागायला आले नाहीत. येणारही नव्हते. कुडाच्या पलीकडून त्यांच्या खोकल्याचा आवाज तेवढा यायचा.

दुपारची वेळ होती. पास्टरजी इतवारची तयारी बघायला आले होते, तलावाच्या पायऱ्यांवर उभं राहून पाण्याचा अंदाज घेत होते. आई आणि मी मागं होतो. बाबा पाळीवर चढले आणि तुडूमच्या चाकाला हात घातला. पास्टरजींना कळायला थोडा वेळ लागला. मग ते म्हणाले, "भाऊ, इतवार तक रुक जाओ. दो-चार दिन की बात है."

"दोन-चार दिवसात दूध सुकते," बाबा म्हणाले.

"और बाप्तिस्मा?"

"पास्टरजी, माहा बाप्तिस्मा वाळत नाई. धान वाळते."

 आईनं पदर दातात धरला. पास्टरजींनी बूट काढले, पँट वर दुमडली आणि पाळीवर चढून त्या गंजलेल्या चाकाला बाबांबरोबर जोर लावला. पाणी सुटल्याचा आवाज आला. पास्टरजी म्हणाले, "अगले महीने नदी पे चलेंगे." बाबा हसले. मला दिसते ती पाठ त्यानंतरची. पाणी पाटाला लागल्यावर ते बराच वेळ टोकाच्या बांध्यांकडं बघत पाळीवर उभे होते. तिकडं दूर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोठेबाबा आले होते. पाणी त्यांच्या पायांपर्यंत पोचलं तरी ते हलले नाहीत, आणि दोघा भावांपैकी कुणी हात वर केला नाही.

पुढच्या महिन्यातली नदी आलीच नाही. वाळायला टाकलेल्या आमच्या धानाचे भारे उचलताना एका भाऱ्याखाली साप होता. मोठेबाबांनीच बाबांना मोटरसायकलवर मधे धरून गोंदियाच्या रस्त्याला नेलं, आणि तसंच धरून परत आणलं.

बाबांना पुरायचं की जाळायचं यावर गावात कुजबुज झाली. बाप्तिस्मा झालेला नाही म्हणजे माणूस अजून आपलाच, असं काही जण म्हणाले. पास्टरजी म्हणाले, "मन से तो हमारा था." मोठेबाबांनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं, फावडं उचललं आणि टोकाच्या बांधीच्या धुऱ्यालगत, स्वतःच्या जागेत, स्वतः खड्डा खणला. त्या दिवसांत गावची सगळी जमीन दगड झाली होती. तिथली माती तेवढी मऊ होती, कारण पाणी तिथंपर्यंत पोचलं होतं. बाबांना बाप्तिस्म्याचा पांढरा सदरा घातला. आईची साडी पेटीतच राहिली.

पास्टरजी खड्ड्याशी उभं राहून जे बोलले ते त्यांनी धीर द्यायलाच म्हटलं होतं, याबद्दल मला शंका नाही. ते म्हणाले, "बहनजी, त्याची निवड झाली असेल तर पाण्यानं काही अडत नाही. निवड झाली नसेल, तर पाण्यानं काही झालंही नसतं." यातलं पहिलं वाक्य घेऊन माणूस आयुष्य काढू शकतो. आईच्या कानात दुसरं राहिलं.

मी पुढं शिकले, शिक्षिका झाले, आमगावला दिलं मला. इथल्या मंडळीची शिकवण वेगळी आहे. इथं सांगतात की हाक सगळ्यांना असते, हो म्हणायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. ऐकायला ही बाजू मोकळीढाकळी वाटते. पण ती बाबांना लावून बघितली की वेगळंच दिसतं. म्हणजे मग त्यांनी स्वतःच्या हातानं चाक फिरवलं आणि स्वतःच दार लावून घेतलं, असं? एका शिकवणीत देव निष्ठुर होतो आणि दुसरीत बाबा बेफिकीर, आणि मला दोन्ही मान्य नाही. एक पाहुणे प्रचारक मला समजावत होते की देवाला आधीपासून माहीत असतं, पण माहीत असणं म्हणजे करवणं नव्हे. तुम्ही शिक्षिका आहात, जूनमध्येच तुम्हाला कळतं कोण नापास होणार, म्हणून काय तुम्ही त्याला नापास केलं? मी म्हटलं, "नाही. पण त्या पोराला मी घडवलेलं नसतं." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मला जास्त प्रार्थना करायला सांगितलं. करते मी. भांडणही प्रार्थनेतच करते.

आईनं त्यानंतर कितीतरी वर्षं बाप्तिस्मा घेतला नाही. ती दर इतवारी चर्चला जाते, सगळ्यांच्या आधी जाऊन झाडून काढते, मागच्या चटईवर बसते, गाणी तोंडपाठ म्हणते. पण पाण्यात उतरली नाही, आणि उतरली नाही म्हणून प्रभूच्या मेजाची, म्हणजे प्रभुभोजनाची, भाकरही तिला चालत नसे. गंमत म्हणजे ती भाकर तीच करते. पूर्वी पास्टरजी गोंदियाहून पाव आणायचे, तो पिशवीत वाळून कडक व्हायचा. मग कुणीतरी म्हटलं आपल्या तांदळाची करू, आणि ते काम आईकडं आलं. तेव्हापासून ती भल्या सकाळी तांदळाचं पीठ उकडून मळते, पातळ भाकर थापते, स्वच्छ फडक्यात बांधून मेजावर नेऊन ठेवते आणि मागं जाऊन बसते. भाकर चटईवरून पुढं पुढं यायची, तिच्यापाशी आली की ती शेजारणीकडं सरकवायची.

मी एकदा चिडून विचारलं होतं, "काऊन असं करतेस?"

"मी आत गेली आणि तो बाहेर असला तं?" ती म्हणाली. "तो जिथं हाय तिथं मी जाईन. मले वेगळी जागा नोको."

त्या भाकरीचे तांदूळ कुठले, तेही सांगायला हवं. दरवर्षी टोकाच्या बांधीचा भारी धान निघाला की पहिला कांडलेला तांदूळ एका टोपलीत भरून मोठेबाबा कुडाच्या या बाजूला ठेवून जातात. काही बोलत नाहीत. बोलणार कसे? आमच्याकडं बाईनं नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, म्हणजे भासऱ्याशी, बोलायचं नसतं. समोर आला तर डोक्यावरून पदर घ्यायचा. आईनं येशूच्या नावानं पुष्कळ काही सोडलं, पण भासऱ्याचा आडपडदा सोडला नाही. तेव्हा त्या दोघांचं सगळं बोलणं माझ्यामार्फत. हातभर अंतरावर उभी असतात, आणि आई म्हणते, "तुह्या मोठेबाबाले सांग," आणि ते म्हणतात, "तुह्या आईले सांग." मी नसले तर दाराला सांगतात, कोंबडीला सांगतात. एकदा मोठेबाबा अर्धा तास आमच्या बकरीशी बोलून गेले.

एका रोवणीच्या दिवसांत आईनं असाच मला पुढं करून सवाल टाकला होता. बांधीच्या कोपऱ्यात परे, म्हणजे धानाची रोपं, उरली होती. आई म्हणाली, "तुह्या मोठेबाबाले विचार, आपण मूठभर परे रोवतो, उरलेले फेकून देतो. कोणता रोवला आणि कोणता फेकला, हे परा ठरवते का? मग देवही तसाच का?"

मोठेबाबा ना त्या देवाचे, ना त्या वादातले. त्यांनी धुऱ्यावर बसून तंबाखू मळली. "तुह्या आईले सांग, उरलेले परे कोणता शहाणा फेकते? कोपऱ्यात खोचून ठेवते. कोठं रोप मेलं तं त्या जागी लावाले." आईनं पदराआडून त्या कोपऱ्याकडं बघितलं. तिला उत्तर मिळालं असं नाही म्हणता येणार. पण त्या दिवशी तिनं रात्रीच्या जेवणाची भाजी कुडापलीकडं पाठवली.

बाबांनंतर तुडूमचं काम गावानं मोठेबाबांना दिलं. मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं. आता वाटतं त्यांनी मागून घेतलं असेल. आता त्यांची नजर गेली आहे, काठी टेकत पाळीवर जातात, पण चाक दुसऱ्या कुणाला फिरवू देत नाहीत.

यंदा पाऊस दमदार झाला. दिवाळीला मी गेले तेव्हा तलाव काठोकाठ होता. गावात मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचे, फलक लागले होते, नाटकवाल्यांचा भोंगा फिरत होता, आणि आमच्या मंडळीला नवा पास्टर आला होता. देवरीकडचा तरुण पोरगा. आईनं त्याला भाकरीचं फडकं देता देता, प्रत्येक नव्या माणसाला विचारते तो प्रश्न विचारला, "माहा माणूस पाण्याविना गेला. तो कोठं हाय?"

त्यानं फडकं दोन्ही हातांत घेतलं. मग म्हणाला, "आई, मले नाई माहीत."

मला वाटलं आई हिरमुसेल. पण घरी येताना ती मला म्हणाली, "इतक्या वर्षात हा पहिला, ज्याले माहीत नाई." तिच्या आवाजात समाधान होतं.

त्याच आठवड्यात मोठेबाबा कुडापाशी आले. टोपली नव्हती. धान अजून उभाच होता. कुडाच्या खांबाला धरून ते म्हणाले, "तुह्या आईले सांग. त्याच्या वाटचं पाणी माहा धान पिला. तो धान मी खाल्ला, माह्या लेकराईनं खाल्ला. तो मागं राहिला असन, तं माह्या जेवणापायी राहिला. मी तुमच्या देवाचा नाई, मले तेथलं समजत नाई. पण घास घेतो तं तो दिसते." त्यांना श्वास पुरेना. "यंदा तलावात लय पाणी हाय. तिच्या वाटचं तरी तिनं घ्यावं."

इतकी वर्षं मला वाटत होतं की बाबा फक्त आम्हाला दिसतात. कुडापलीकडंही कुणी त्यांच्यासोबत जेवत होतं, हे मला कळलं नव्हतं. आई दाराआड उभी होती, पदर कपाळापर्यंत.  आत जाऊन तिनं पेटी उघडली. पांढऱ्या साडीच्या घड्यांवर पिवळे पट्टे पडले होते. ती बाहेर येऊन मला म्हणाली, "तुह्या मोठेबाबाले सांग, घेईन. पण बंद तलावात नाई. ज्या दिवशी टोकाच्या धानाले पाणी सोडाल, त्या दिवशी."

इतवारी सकाळी धुकं विरत असताना मंडळी तलावाच्या पायऱ्यांवर जमली. मंडळी म्हणजे जेमतेम एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावतील इतकी माणसं. शिवाय पाळीवर गावातले बरेच जण, बाबांना हवे होते तसे, दिसेल असे उभे. मोठेबाबा तुडूमच्या चाकाला टेकून बसले होते. पास्टरच्या हाताला धरून आई पायऱ्या उतरली, छातीएवढ्या पाण्यात गेली. तो थंडीनं कुडकुडत होता, ती नाही. त्यानं रीतीप्रमाणं विचारलं, तू आपल्या मर्जीनं आलीस का?

आई म्हणाली, "मी आली. आणलं कोणी ते मले माहीत नाई."

 मग तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला, पाळीकडं तोंड केलं आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा भासऱ्याशी स्वतः बोलली. "उघडा तुडूम."

मोठेबाबांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग चाकाला दोन्ही हात घातले. कुणीतरी मदतीला सरसावलं, त्यांनी कोपरानं त्याला दूर केलं. पाणी सुटल्याचा तो आवाज मी इतक्या वर्षांनी ऐकला, आणि त्याच आवाजात पास्टरनं आईला मागं झुकवून पाण्याखाली नेलं. ती वर आली. केस तोंडावर चिकटलेले, डोळे मिटलेले. पाणी शिंगाड्यांच्या वेलांना हलवत तुडूमकडं सरकत होतं, तिथून पाटानं, टोकाच्या बांध्यांकडं, त्या धुऱ्यालगतच्या मातीकडं. मी रडले. मला वाटलं, सुटलो आपण सगळे. आता भारी धानाच्या दिवसांत मला ती पाठ दिसणार नाही.

त्याच सकाळी चर्चमध्ये प्रभूचं मेज होतं. आईनं पहाटेच थापून ठेवलेली भाकर पास्टरनं मोडली, तुकडे चटईवरून पुढं पुढं आले आणि आईपाशी आले. सगळ्यांचं लक्ष तिच्याकडं होतं, बघायचं नाही असं ठरवून सगळे बघत होते. तिनं आपला तुकडा घेतला, मधोमध मोडला, अर्धा तोंडात टाकला. उरलेला अर्धा तिनं पदराच्या टोकाला ठेवून घट्ट गाठ मारली. पास्टरनं ते पाहिलं. त्यानं पुढचं गाणं सुरू केलं.

घरी येताना आम्ही पाटाच्या कडेनं आलो. पाणी टोकापर्यंत पोचलं होतं, भारी धान त्यात पाय रोवून उभा होता, लोंब्या अजून हिरव्या. मी गाठीकडं बोट दाखवून विचारलं, "हे कायले?"

"बाहेरून आत जाता येत नाई म्हणतात," आई म्हणाली. "आतून बाहेर येता येते का, ते मले कोणी सांगितलं नाई."

त्या दोन ठिकाणांच्या, स्वर्ग आणि नरकाच्या, मधे मोठी दरी आहे आणि ती कुणालाच ओलांडता येत नाही, असं शास्त्रात आहे. मला ते पाठ आहे. आईलाही असणार, तिनं ते माझ्याहून जास्त वेळा ऐकलंय.  ती धुऱ्यापाशी थांबली, पदराची गाठ एकदा चाचपून बघितली.

"तेथं गेल्यावर तो दिसला नाई, तं शोधाले जा लागन," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं जाऊ का?"